शितावरून भाताची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'तुमचे संशोधन कशावर चालते?' असे चिटणीसबाईंनी मला विचारले, आणि उत्तर ऐकताच 'मग त्यावरच बोला, पण आम्हाला कळेल असे' अशी अट घातली. ती पाळण्याचा प्रयत्न करते.

मशीन लर्निंग म्हणजे यंत्राचे शिकणे. यंत्राला नियम सांगायचे नाहीत, उदाहरणे दाखवायची. हजारो चित्रांखाली 'मांजर', 'कुत्रा' असे लिहून द्यायचे. ओळखण्याचा नियम त्याने शोधायचा. मी ती यंत्रे बनवीत नाही. पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याविषयी बोलण्याचा अधिकार यंत्राला कोठून आला, एवढाच माझा प्रश्न.

हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अग, शितावरून भाताची परीक्षा! त्याला गणित कशाला?" इतक्या थोडक्यात हा विषय मी कोणत्याही ग्रंथात वाचलेला नाही. पण वरवरची शिते चेपून पाहिली, तर तळाशी लागलेला भात कळत नाही. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या तीन यंत्रप्रणाली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघींनी तपासल्या व २०१८ साली निष्कर्ष छापले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा ०.८ च्या वर गेली नव्हती. काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ पर्यंत गेली होती. अशा कामात वापरल्या जाणाऱ्या दोन चित्रसंग्रहांत गोरे चेहरे शेकडा ७९.६ आणि ८६.२ होते, हेही त्यांनी दाखवले.

बरे, शिते सगळीकडून उचलली, तर किती पुरेत? वासिली हफडिंग यांनी १९६३ साली सिद्ध केलेल्या सूत्रावरून उत्तर काढता येते. एका ठरलेल्या नियमाच्या चुकीचा अंदाज शेकडा पाचांहून अधिक ढळू नये, आणि ही खात्री शंभरात पंच्याण्णव वेळा हवी, तर ७३८ शिते पुरतात. मग भात पातेलेभर असो की लग्नाचा!

यंत्र मात्र अनेक नियम चाळून जुळेल तो उचलते. हजार नियमांतून निवडायचे तर हेच सूत्र सुमारे २,१२० उदाहरणे मागते. दहा लाखांतून निवडायचे तर सुमारे ३,५००. नियम हजारपट झाले, उदाहरणे दुप्पटही नाहीत! विद्यार्थिदशेत हे प्रथम सोडवले तेव्हा चूक झाली असे वाटून मी पुन्हा आकडे मांडले होते. आणि नियम अगणित असले तर? मॉस्कोच्या व्लादिमिर वापनिक व अलेक्सेय चेर्वोनेन्किस यांनी १९७१ च्या निबंधात त्याची वाट दाखवली. नियम किती आहेत ते मोजू नका, ते किती लवचिक आहेत ते मोजा. वाटेल ती उत्तरे घोकू शकणाऱ्या मुलाला पाहिलेल्या प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळाले, तर त्यावरून त्याला विषय कळला असे म्हणता येत नाही.

येथेच आमची पंचाईत आहे. चियुआन झांग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली पन्नास हजार चित्रांखाली वाटेल ती नावे घातली. मांजराखाली ट्रक, ट्रकाखाली बेडूक. यंत्राने तीही बिनचूक पाठ केली! मग खरी नावे दिल्यावर तसलेच पाठांतरबहाद्दर यंत्र नवी चित्रे बरोबर कशी ओळखते? जुने प्रमेय खोटे ठरलेले नाही, पण या ठिकाणी ते मौन धरते. पुढे उत्तरे मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी. असल्या एका तुकड्यावर माझी वर्षे चालली आहेत.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचे चित्र असल्याच एका यंत्राने वाचले. निर्वाळा चांगला आला. परतताना त्या म्हणाल्या, "याने माझ्यासारखे किती डोळे पाहिले असतील ग?" मी मागे फिरून विचारले. तेथील माणसाला ते ठाऊक नव्हते. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचे आहे. प्रश्न त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून पिशवीत ठेवला आहे.