लग्नासाठी छायाचित्रकाराची निवड

मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील शिनोली आणि आसपासच्या आंबेगाव-जुन्नरच्या गावांत लग्न केवळ मंगलाष्टकांपुरते नसते. मांडवडहाळे, म्हणजे मांडवासाठी वाजतगाजत आणल्या जाणाऱ्या झाडांच्या फांद्या, त्यानंतर हळद, आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक, हा क्रम ज्याला ठाऊक असतो तोच छायाचित्रकार योग्य जागी आधी जाऊन उभा राहू शकतो, आणि म्हणूनच निवड करताना कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा या जाणकारीची चौकशी अधिक मोलाची ठरते. अंतरपाट दूर होण्याचा क्षण जेमतेम एक-दोन सेकंदांचा असून त्याच वेळी चहूबाजूंनी अक्षता पडत असतात, आणि तो पुन्हा करून दाखवा असे भटजींना सांगता येत नाही. (तो टिपण्यासाठी तीन-चार कॅमेरेवाले मंचावर ओळीने उभे राहिले, तर आमंत्रितांच्या वाट्याला त्यांच्या पाठीच येतात, याचाही विचार यजमानांनी करावा.)

नमुना म्हणून दाखवला जाणारा करिझ्मा अल्बम, म्हणजे जाड पानांवर छायाचित्रे थेट छापून बांधलेला अल्बम, बहुधा अनेक लग्नांतील निवडक चित्रांचा असतो, त्यामुळे त्यावरून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी एकाच लग्नाची सर्व छायाचित्रे पाहावीत, आणि तीही शक्यतो कापडी मांडवातील. कारण रंगीत कापडातून झिरपणारा प्रकाश हळद लागलेल्या चेहऱ्यांवर पडला की, पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठी करावयाची रंगसंतुलनाची जुळणी साधणे कठीण होते, आणि कारागिराचे कसब तेथेच दिसते. दाट तिथीला एकच व्यावसायिक दोन-तीन ऑर्डरी घेऊन स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवू शकतो, म्हणून प्रत्यक्ष कोण येणार हेही विचारलेले बरे.

छायाचित्रांची मालकी नेहमी छायाचित्रकाराचीच असते, हा समज मात्र चुकीचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार, म्हणजे त्याच्या प्रती काढण्याचा व ते प्रसिद्ध करण्याचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास काढवून घेणाऱ्याकडेच जातो. त्यामुळे इसार देण्यापूर्वी पावतीवरील अटी वाचाव्यात आणि मूळ फायली किती दिवसांत मिळणार, तसेच वधूवरांची छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरली जातील की नाही, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.