घरातली हवा आणि वाय-फाय



‘नेट स्लो आहे’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि खापर बहुधा कंपनीवर फुटतं. पण पुष्कळदा खोळंबा घरातच झालेला असतो. फायबर भिंतीपर्यंत येते. तिथून मोबाइलपर्यंतचा प्रवास हवेतून होतो आणि तो आपण विचारातच घेत नाही.

राउटर म्हणजे घरातलं छोटं रेडिओ केंद्र. ते बोलतं आणि ऐकतंही. त्याच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांतल्या. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब. ती भिंती बऱ्यापैकी पार करते, पण तिथं गर्दी फार. ब्लूटूथ तिथंच, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथंच. ५ गिगाहर्ट्‌झला जागा ऐसपैस, वेग जास्त, पण स्लॅब आणि जाड भिंतींपुढे ती लवकर क्षीण होते. आपल्याकडे २.४चा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून राउटर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका छोट्या भागावर, एका वेळी साधारणपणे एकानंच बोलायचं असतं. मग पाळी कशी ठरते? १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरची यंत्रं रेडिओनं संगणकाशी जोडली. नियम साधा होता: माहिती पाठवा, पोच आली नाही, तर टक्कर झाली असं समजा, थोडं थांबा, पुन्हा पाठवा. प्रत्येकानं किती थांबायचं, ते यदृच्छेनं ठरे, नाहीतर पुन्हा टक्कर ठरलेलीच. मला ही कल्पना विलक्षण वाटते. कुणी मुकादम नाही, तरी काम चालतं. १९९७ साली वाय-फायचं पहिलं मानक आलं, वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट. त्यात आधी कानोसा घ्यायचा आणि हवा मोकळी असेल तरच बोलायचं, हा नियम होता. तो आजही पाळला जातो.

याचा परिणाम लक्षात घ्या. लांबच्या खोलीतला, क्षीण सिग्नलवरचा फोन तेवढीच माहिती सावकाश पाठवतो, म्हणजे हवा जास्त वेळ अडवतो. तोवर राउटरशेजारचा लॅपटॉपही ताटकळतो. शेजाऱ्यांचा राउटर त्याच चॅनेलवर असेल, तर त्यांची यंत्रंही याच रांगेत. म्हणून सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ मात्र अडकतो. २.४मध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतलाच एक निवडावा.

राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीमागे दडवू नका. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. जागचे न हलणारे टीव्ही आणि डेस्कटॉप केबलनं जोडा, तेवढी हवा मोकळी होईल. मोठ्या ऑफिसात एका राउटरवर भिस्त न ठेवता ठिकठिकाणी अ‍ॅक्सेस पॉइंट बसवून ते केबलनं जोडावेत. लहरी भिंतीबाहेरही जातात, तेव्हा डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा आणि मोठा पासवर्ड हवाच.

आणि तक्रार करण्याआधी लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून एकदा वेग मोजा. तिथंही तो कमी भरला, तर मात्र कंपनीला जरूर फोन करा.