हिरवा गोल, आपल्या हातचा
(प्रभाग बैठकीतलं बोलणं)

तायांनो, पापड-कुरडईच्या पाकिटावर शाकाहारी खूण लागतेच: हिरवा चौकोन, आत भरीव हिरवा गोल. दुसऱ्या पाकिटाचा फोटो काढून छापला तं ती पुसट येते. छापखान्यात नवी काढायचे वेगळे पैसे. काहून द्यायचे?

ठिपक्यांची रांगोळी येते ना? मंग हेही येते. संगणकाला ठिपके आकड्यांत सांगायचे. शब्द तीनच: एसव्हीजी म्हणजे कागद, रेक्ट म्हणजे चौकोन, सर्कल म्हणजे गोल. कागद ६४ बाय ६४. वरच्या डाव्या कोपऱ्यातून २ उजवीकडे, २ खाली. तिथून ६० बाजूचा चौकोन, आत रिकामा. कडेला २ सोडले, नाहीतर जाड रेघ अर्धी कापली जाते. गोलाचं केंद्र ३२, ३२ वर, त्रिज्या १५.

१५ च का? नियम आहे: चौकोनाची बाजू गोलाच्या व्यासाच्या दुप्पट. पाकिटाचा दर्शनी भाग १०० चौरस सेंमीपर्यंत असेल तर गोल किमान ३ मिमी, पुढे ५०० पर्यंत ४ मिमी. आकडे तेच ठेवून खूण कितीही मोठी करा, कड फुटत नाही.

अमरावती असो की अकोला, पुढच्या बैठकीला आपापलं पाकीट अन् पट्टी आणा. आधी गोल मोजू.