वर गच्चीवर : इंग्रजी बोलण्यातील एक लहानशी जोडी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेत मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकविले. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने इंग्रजीतील एका लहानशा रचनेविषयी बोलावे, यात औचित्यभंग होणार नाही, अशी माझी समजूत आहे. विषय दिसायला किरकोळ आहे. परंतु आपली मुले इंग्रजी कशी शिकतात आणि मराठी कशी विसरतात, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

'ही इज इन द गार्डन' हे वाक्य आपल्या मुलांना येते. ते निर्दोष आहे. पण घरात बसलेला इंग्रज सहज बोलताना पुष्कळदा म्हणतो, 'ही इज आउट इन द गार्डन'. 'अप ऑन द रूफ', 'डाउन ॲट द स्टेशन', 'ओव्हर बाय द विंडो', 'बॅक फ्रॉम स्कूल' ही सारी त्याच घराण्यातील मंडळी. आधी एक क्रियाविशेषण येते आणि त्याच्या पाठोपाठ प्रिपोझिशनने बांधलेला शब्दसमूह येतो. आपल्याकडील विद्यार्थ्याला यातील पहिला शब्द अनावश्यक वाटतो. बाग बाहेर असते आणि गच्ची वर असते हे ठाऊकच आहे, मग 'आउट' आणि 'अप' कशाला, असे तो विचारतो.

याचे उत्तर असे की, हे दोन घटक दोन वेगळी कामे करतात. 'इन द गार्डन' हे शब्द माणूस कोठे आहे ते सांगतात. 'आउट' हा शब्द बोलणारा कोठे आहे ते सुचवितो. बोलणारा घरात आहे आणि तेथून बाहेर पाहत आहे. तोच बागेत उभा असता तर 'आउट हिअर इन द गार्डन' म्हणाला असता. ही जोडी फोडून पाहावी. 'ही इज आउट' एवढेच म्हटले तर गृहस्थ घरी नाहीत असा अर्थ होतो आणि पाहुणा परत फिरतो. 'ही इज आउट इन द गार्डन' म्हटले तर पाहुणा बागेकडे वळतो. मागचा शब्दसमूह पुढच्या क्रियाविशेषणाला आवर घालतो, आणि क्रियाविशेषण त्या स्थळाला दिशा देते.

आता याच गोष्टी मराठीत म्हणून पाहा. 'वर गच्चीवर', 'बाहेर अंगणात', 'आत स्वयंपाकघरात', 'मागे परसात', 'तिकडे खिडकीपाशी'. तीच जोडी आणि तोच क्रम! आपली आजी हे रोज बोलत होती. 'वर घाटावर गेला' आणि 'खाली कोकणात उतरला' या प्रयोगांत तर सह्याद्रीचा सारा भूगोल सामावलेला आहे. आपल्या माळव्यातील मुलाला हिंदीतील 'ऊपर छत पर' हेही परके नाही. तरीही इंग्रजी लिहिताना तो पहिला शब्द गाळतो, कारण ती भाषा त्याच्याकडे भाषांतराच्या वाटेने आलेली असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या दारात आणून उभे केले, हे ऋण मोठे आहे. परंतु एका शब्दाला एक प्रतिशब्द अशी सवय जडली, की बोलीतील असे जोडशब्द निसटून जातात.

व्याकरणकारांचे काय? दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. या दामल्यांनी आयुष्यातील बरीच वर्षे आपल्या माळव्यातच, उज्जैनच्या माधव कॉलेजात, अध्यापन केले, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्या शालेय व्याकरणात एक सोपा नियम आहे. 'तो वर गेला' यातील 'वर' क्रियाविशेषण, आणि 'झाडावर' यातील 'वर' शब्दयोगी. शब्द एकच, नामाला चिकटला की त्याची जात पालटते. डॅनिश पंडित ओट्टो येस्पर्सन यांनी १९२४ साली इंग्रजीविषयी असाच विचार मांडला, की 'इन', 'अप', 'डाउन' हे शब्द पुढे नाम आले म्हणून निराळ्या जातीचे ठरत नाहीत. २००२ साली निघालेल्या केंब्रिजच्या बृहद् इंग्रजी व्याकरणाने तर असे सुटे शब्दही प्रिपोझिशनमध्येच गणले. ज्याने 'वर' आणि 'झाडावर' यांचा संबंध मराठीत ओळखला आहे, त्याला हा वाद समजण्यास कठीण जात नाही.

मात्र साम्य सर्वत्र नाही. इंग्रजीत स्थळांची साखळी लहानाकडून मोठ्याकडे जाते. पेटीत, खाटेखाली, माळ्यावर असा तिचा क्रम. आपण 'माळ्यावर खाटेखालच्या पेटीत' असे मोठ्याकडून लहानाकडे येतो. काळाचेही तसेच. आपण 'सकाळी लवकर' आणि 'रात्री उशिरा' म्हणतो, इंग्रज 'अर्ली इन द मॉर्निंग' आणि 'लेट ॲट नाइट' म्हणतो. येथे शब्दाला शब्द लावून भागत नाही.

तसेच 'अप' म्हणजे नेहमी उंचीच असे नाही. इंग्रज 'अप टू लंडन' म्हणतो ते राजधानीच्या मानामुळे. चढ असो वा नसो. मुंबईच्या लोकलमार्गांवर मुख्य स्थानकाकडे येणारी गाडी 'अप' आणि तेथून दूर जाणारी 'डाउन' ठरते, ती याच रूढीने. कधी कधी क्रियापद, क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन ही तिन्ही एकजीव होतात. 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' यात कोणी धावत नाही आणि कोणी बाहेरही जात नाही; साखर तेवढी संपलेली असते. हे वाक्प्रचार मात्र पाठच करावे लागतात.

लेखनात तर ही जोडी ओळखता न आल्यास अनर्थ होतो. 'द थीफ टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' येथे 'इन' क्रियापदाचा सोबती आहे आणि 'टू' पोलिसांचा. चोर पोलिसांच्या स्वाधीन झाला. हेच दोन शब्द जोडून लिहिले, तर चोराने स्वतःचे रूपांतर पोलिसांत केले असे होईल! एका रिकाम्या जागेवर एवढा अर्थ अवलंबून असतो.

मित्रहो, महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळांपुढे आज एक प्रश्न उभा आहे. पालक म्हणतात, मुलांना इंग्रजी चांगले यावे, मग मराठीच्या व्याकरणात वेळ का दवडावा? माझे उत्तर एवढेच, की 'वर गच्चीवर' या दोन शब्दांतील नाते ज्या मुलाला उमगले, त्याला 'अप ऑन द रूफ' शिकविण्यास पाच मिनिटे पुरतात. ज्याच्या घरातून 'मागे परसात' आणि 'खाली कोकणात' हे प्रयोगच नाहीसे झाले, त्याला ते नियम म्हणून घोकावे लागते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्गात ही वाक्ये तिन्ही भाषांत शेजारी शेजारी लिहावीत आणि साम्य कोठे संपते ते मुलांनाच शोधू द्यावे. त्यासाठी फळा आणि खडू यांपलीकडे काही लागत नाही.

दोन भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाच्या स्मृतीला याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.