गिट क्लीन आणि माझे दोन आठवडे

आजचा भाग छोटा आहे, पण सी प्लस प्लसवाल्यांनी हेडफोन नीट लावा.

तर झालं असं. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक हेडर फाइल बिल्डच्या वेळी स्क्रिप्टने तयार व्हायची, तीही सोर्सच्याच फोल्डरमध्ये. पुढे मी ती दुसरीकडे हलवली. जुनी कॉपी मात्र तिथेच पडून होती. डबल कोट्समधला इन्क्लूड आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून कंपायलर मुकाट्याने जुनीच उचलत होता. मी कोड बदलतेय, आउटपुट ढिम्म. तीन तास गेले!

कारण सापडलं आणि रागाच्या भरात गिट क्लीन मारलं, डॅश एफ डी एक्स. एफ म्हणजे जबरदस्ती, डी म्हणजे फोल्डरसुद्धा, छोटा एक्स म्हणजे गिटइग्नोरमधलंही पुसा. बिल्ड एकदम चकाचक. आणि दोन आठवडे बसून हाताने लेबल केलेला टेस्ट डेटा, एसक्यूलाइटची फाइल, तीपण चकाचक. मोठी म्हणून मीच ती इग्नोरमध्ये टाकली होती ना! गिटने ती कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे रिफ्लॉग कामाचा नाही. ट्रॅशही रिकामा. टीममधला ज्युनिअर सोमवारपासून त्याच डेटावर काम करणार होता. त्याला मेसेज टाइप केला, तीनदा खोडला.

मला वाटायचं, इग्नोरमध्ये आहे म्हणजे मशीनने बनवलंय, पुन्हा बनेल. पण तिथे पासवर्डची डॉट ईएनव्हीसुद्धा असते की! कोणी म्हणतं, मोठा एक्स वापर, तो सेफ. अहो, तो फक्त इग्नोर केलेलंच पुसतो. माझी फाइल तरीही गेलीच असती.

लिनक्स कर्नलमध्ये हा फरक केलेला आहे. मेक क्लीन बनलेल्या बहुतेक फाइल्स काढतं, पण तुमची डॉट कॉन्फिग ठेवतं. ती घालवायची तर एमआरप्रॉपर वेगळं मागावं लागतं.

आता मी सीमेकला डॅश बी देऊन सगळं वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये करते, ते हेडरही तिथेच. सफाई म्हणजे तो एक फोल्डर उडवायचा. गिट क्लीन लागलंच तर आधी डॅश एन: काय जाणार ते दाखवतं, पुसत काही नाही. जे ठेवायचंय ते डॅश ई देऊन वगळायचं.

आणि लेबलिंग? पुन्हा केलं, त्या ज्युनिअरने आणि मी मिळून, आठ दिवस. फाइल आता प्रोजेक्टच्या बाहेर राहते. चला, भेटू!