मेघगर्जनेच्या देवाची वेल





वनस्पतीपासून सिद्ध झालेले औषध निरुपद्रवीच असते, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरांत वनौषधींचा ओढा असणे स्वाभाविकही आहे. या समजाची कसोटी पाहणारी एक वेल दक्षिण चीनच्या डोंगराळ प्रदेशात उगवते. तिचे नाव ‘लेइ गोंग तेंग’, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. तेथील शेतकरी तिची पूड पिकांवरील कीड मारण्यासाठी वापरीत. पाने, फुले व मुळाची साल विषारी. औषधासाठी घेतात तो साल काढलेल्या मुळाचा गाभा.

वैद्य ज्याला आमवात म्हणतात, त्या संधिवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतील अस्तरालाच शत्रू समजते. पहारेकऱ्याने घरधन्यावरच काठी उगारावी, तसे हे. अस्तर सुजते, पुढे हाडही झिजते. सकाळी बोटे मिटत नाहीत. ही वेल त्या पहारेकऱ्याला आवरते. तिच्यातील ‘ट्रिप्टोलाइड’ हे द्रव्य १९७२ साली अमेरिकेत वेगळे करण्यात आले. पेशीतील जनुके वाचणाऱ्या यंत्रणेचा एक भागच ते जखडून ठेवते, हे २०११ साली उलगडले. त्यामुळे सूज वाढविणाऱ्या द्रव्यांची निर्मिती मंदावते.

बीजिंगमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत २०७ रुग्ण होते. चोवीस आठवड्यांनंतर दुखण्यात निम्म्याने सुधारणा झालेले रुग्ण केवळ मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत सुमारे ४६ टक्के, केवळ वेलीचे औषध घेणाऱ्यांत ५५ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७७ टक्के आढळले. आपण कोणते औषध घेत आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, ही या चाचणीतील उणीव खरी; तरीही आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. विशेष म्हणजे सर्वांत मोठा आकडा डॉक्टरांची गोळी सोडणाऱ्यांचा नसून ती चालू ठेवणाऱ्यांचा आहे.

आता जमेनंतर नावे बाजू. जनुके वाचणारी यंत्रणा केवळ सांध्यात नसते, ती सर्वच पेशींत असते. या औषधाने पुरुषांतील शुक्रजंतू इतके घटतात की, संततिनियमनासाठीही चीनमध्ये त्याचा अभ्यास झाला. स्त्रियांची मासिक पाळी थांबते, कधी ती परत येतच नाही. यकृत, मूत्रपिंडे व अस्थिमज्जा यांनाही इजा होऊ शकते. मूल हवे असलेल्या तरुण जोडप्यांना, गर्भवतींना व बालकांना ते देऊ नये, असे चीनच्या औषध नियंत्रकांनी २०१२ साली बजावले. आमवात तर ऐन तिशीतल्या सुनेलाही गाठतो. तिच्या हाती नातलगाने परदेशातून आणलेली पुडी प्रेमानेच दिली जाते, आणि घरात कोणी तिला विचारीत नाही की, तुला अजून मूल हवे आहे काय?

आपल्याकडील मालकांगोणी याच वेलीच्या कुळातली. तिचे तेल सांध्यांना चोळण्याची पद्धत जुनी आहे. पण कूळ एक म्हणून गुण व दोष एक ठरत नाहीत; एकीच्या आधारावर दुसरी पोटात घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठीवर आपले औषध आणणे होय.