परत आलेल्या दोन पैठण्या



2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची माफीही गेली. येवल्यातल्या आपल्याच एका वर्गमित्राच्या दोन पैठण्या परत आल्या, कारण दारात मागितलेलं शुल्क गिऱ्हाइकांनी भरलं नाही. तो एक माग विकायला निघाला होता. ‘भाव उतरव’, असं आधी मीच म्हणाले (इंजिनिअरचं डोकं!), पण भाव उतरला की मजुरीच उतरते. मग त्याला वेबसाइट करून दिली. शुल्कासह पूर्ण किंमत आधीच दिसते, सोबत पदर विणतानाचा व्हिडिओ. ऑर्डरी कमीच आहेत, पण परत एकही आली नाही. माग घरातच आहे.

आता अमिरातीकडे बघतोय. तिथे 2022 पासून व्यापार करार आहे. दुबईत आपल्यापैकी कोण असतं? जेवणाआधी मला गाठा.